शेवटचा हात कोणाचा?

"कॉम्प्युटरला शेवटचा हात कोणी लावला होता?"

हा प्रश्न विचारणारी मीच होते. आज तो आठवला की माझी मलाच लाज वाटते.

आमच्या महिला मंडळाच्या खोलीत दोन जुने कॉम्प्युटर आहेत, भेट मिळालेले. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ला मिळणारा नेहमीचा आधार थांबला आणि आमची म्हातारी यंत्रं विंडोज ११ काही घेईनात. नवी घ्यायला पैसे कुठून आणायचे? मग पुण्याच्या भाच्याने त्यांवर लिनक्स बसवून दिलं. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली त्याची सुरुवात केली. पुढे जगभरच्या लोकांनी मिळून ते वाढवलं. मुख्य म्हणजे ते फुकट मिळतं! बचत गटाचे हिशेब, ठराव, मराठीतले अर्ज, सगळं त्यावर छान चाललं होतं.

गटातली एक तरुण सून फार हौसेने शिकत होती. बारावी झालेली. सासूबाईंची परवानगी काढून दुपारचे दोन तास यायची. एका शनिवारी पडद्यावर अपडेट आल्याची पाटी दिसली. तिने पासवर्ड टाकला, सगळं नीट पूर्ण होऊ दिलं आणि कॉम्प्युटर बंद करून ती घरी गेली.

सोमवारी सकाळी वायफाय गायब! नेमका त्याच दिवशी कर्जाचा अर्ज ऑनलाइन भरायचा होता. खोलीत आम्ही आठ जणी आणि आठही जणींच्या तोंडी एकच वाक्य, "परवापर्यंत तर चालत होता की!" त्यात माझा तो प्रश्न. "काकू, मी नुसतं हो म्हटलं हो," एवढंच ती बोलली. मंगळवारपासून ती यायचीच बंद झाली.

सोमवारी संध्याकाळी मी भाच्याला फोन लावला होता. तो म्हणाला, "मावशी, तिने काहीच बिघडवलं नाही. उलट करायला हवं तेच केलं." अपडेटमधून नवा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आला होता. आमच्या यंत्रातल्या वायफायचा ड्रायव्हर जुन्या गाभ्याशी जुळलेला होता, तो नव्याशी जुळेना. नवा कुकर आणावा आणि जुनी शिट्टी त्याला बसू नये, तसलाच प्रकार. पण लिनक्स जुना कुकर लगेच भंगारात देत नाही. त्याने सांगितल्याप्रमाणे मी कॉम्प्युटर परत सुरू करताना शिफ्टचं बटण दाबून धरलं (काही यंत्रांत एस्केप दाबावं लागतं). यादी आली. त्यातल्या 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जाऊन आधीचा कर्नल निवडला आणि वायफाय हजर! सगळी मिळून दहा मिनिटं. पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्ती येईपर्यंत आम्ही जुन्यावरच काम केलं.

अर्ज एक दिवस उशिरा गेला, तो निभावला. पण त्या पोरीचं काय?

मंडळात काही जणी म्हणाल्या, "मग ते अपडेटच बंद करून टाका ना!" मला हे पटत नाही. मे २०१७मध्ये 'वॉनाक्राय' नावाचा व्हायरस जगभर पसरला होता. त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच आलेली होती. पण अनेक ठिकाणी ती बसवलीच नव्हती. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांत रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. आणि अपडेटने घोटाळा फक्त लिनक्सवरच होतो असंही नाही. जुलै २०२४मध्ये एका सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे विंडोजचे सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर बंद पडले, विमानं खोळंबली. घरोघरी मातीच्याच चुली!

तेव्हा अपडेट हवंच, पण बेताने. आम्ही आता काही पथ्यं पाळतो. महत्त्वाच्या कामाच्या आदल्या दिवशी अपडेट करायचं नाही. आधी एकाच कॉम्प्युटरवर करायचं, दोन दिवस बघायचं, मग दुसऱ्यावर. करण्याआधी 'टाइमशिफ्ट' नावाच्या प्रोग्रॅमने आहे त्या स्थितीची नोंद ठेवायची, म्हणजे बिघडलं तर मागे जाता येतं. मात्र ती नोंद प्रणालीची असते, आपल्या फायलींची नव्हे. म्हणून हिशेब पेनड्राइव्हवर वेगळे ठेवायचे. साफसफाईच्या उत्साहात जुना कर्नल काढून टाकायचा नाही. आणि एक वही. तारीख, काय अपडेट झालं, काय अडलं, पडद्यावर आलेला मजकूर जसाच्या तसा आणि शेवटी काय केल्यावर सुटलं, सगळं त्यात लिहायचं.

मैत्रिणींनो, मिक्सर जळला, नळ गळायला लागला, मूल पडलं, की आपल्या घरात पहिला प्रश्न असतो, "कोण होतं तिथे?" तिथे बहुतेक वेळा बाईच असते, कारण काम तीच करत असते! हा प्रश्न आपण सासरी ऐकत आलो आणि मंडळात येऊन आपणच दुसरीला विचारला. म्हणूनच आपल्या कितीतरी जणी यंत्राला हात लावायला घाबरतात. काही बिघडलं तर मुलगा येईपर्यंत, पुतण्या येईपर्यंत थांबून राहतात.

त्या आठवड्यात मी तिच्या घरी गेले. सासूबाईंसमोरच सांगितलं, "चूक माझी होती, हिची नाही." ती काही बोलली नाही, चहा ठेवायला आत गेली. पुढच्या सोमवारी मात्र आली.

वही आता तिच्याकडे असते. मागच्या महिन्यात अपडेटनंतर प्रिंटर रुसला. तिने पडद्यावरचा मजकूर वहीत उतरवून घेतला, भाच्याला फोनवर वाचून दाखवला. प्रिंटरसाठी वेगळा बसवलेला एक छोटा प्रोग्रॅम जुना राहिला होता, तो तिने नव्याने बसवला. छपाई सुरू झाली.

प्रिंटर अडल्यावर खोलीतून पहिला प्रश्न आला तो एवढाच, "पडद्यावर काय लिहिलंय गं?"