तिच्या दप्तरातली साखर

दोस्तांनो, या आठवड्यात नाशिकहून एक पत्र आलंय. सातवीतली आपली वाचक-मैत्रीण लिहिते, 'माझ्या बाकावरच्या मुलीला मधुमेह आहे. ती रोज इंजेक्शन घेते आणि तरी दप्तरात साखरेची पुडी ठेवते! मुलं म्हणतात, चोरून गोड खाल्लं म्हणून तिला हा रोग झाला. आता तिच्या डब्यातलं कुणी खात नाही. खरं काय?'

ऐका तर. भाकरी खा, भात खा नाहीतर तुमच्या नाशिकची द्राक्षं खा, त्यांची पोटात साखर होते आणि ती रक्तात उतरते. रक्तातून पेशींच्या घरात शिरायला तिला किल्ली लागते. ती किल्ली म्हणजे इन्शुलिन. जठरामागचं स्वादुपिंड ती बनवतं. काही मुलांमध्ये शरीराचं संरक्षक सैन्यच चुकून किल्ल्यांच्या या कारखान्यावर हल्ला करतं. मग इन्शुलिन बाहेरून घ्यावं लागतं. हा पहिल्या प्रकारचा मधुमेह. तो गोड खाल्ल्यानं होत नाही आणि डब्यातून तर मुळीच पसरत नाही!

पूर्वी अशी मुलं फार दिवस जगत नसत. १९२२ च्या जानेवारीत कॅनडातल्या टोरांटोमध्ये लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्शुलिन टोचलं गेलं आणि तो वाचला. ते शोधणाऱ्यांपैकी फ्रेडरिक बँटिंग यांचा वाढदिवस १४ नोव्हेंबर, म्हणजे आपला बालदिन! जागतिक मधुमेह दिनही त्याच दिवशी असतो.

मग साखरेची पुडी कशाला? इन्शुलिन घेतलं आणि डबा खायला उशीर झाला, किंवा खेळाच्या तासाला खूप पळापळ झाली, तर रक्तातली साखर एकदम उतरते. घाम फुटतो, हात थरथरतात, भूक लागते, बोलणं गोंधळतं. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच द्यायची. तिला एकटं सोडायचं नाही, बाईंना बोलवायचं. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही, तर पुन्हा द्यायची. पण शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही घालायचं नाही. थेट दवाखाना!

आता चार शब्द आई-बाबांशी. मूल सारखं पाणी पितंय, सारखं लघवीला जातंय, पुन्हा अंथरूण ओलं करतंय, खाऊनही वाळतंय, असं दिसलं तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासून घ्या. आणि कुणी 'कारल्याचा रस द्या, इंजेक्शन बंद करा' म्हणालं, तर ऐकू नका. या मुलांचं इन्शुलिन थांबवणं जिवावर बेतू शकतं.

आजोबांचा मधुमेह बहुधा दुसऱ्या प्रकारचा असतो. तिथे किल्ली असते, पण कुलूप गंजलेलं! हा घराण्यातही चालत येतो. बारीक माणसांनीही निर्धास्त राहू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन यडकिन यांचं वजन उंचीच्या मानानं सारखंच होतं. पण याज्ञिकांच्या शरीरात चरबी २१.२ टक्के, तर यडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के निघाली! दोघांनी ही गंमत २००४ मध्ये छापून आणली. आपण भारतीय दिसायला सडपातळ, पण आतून चरबी साठवणारे. ही चरबीच कुलूप गंजवते.

हा मधुमेह मात्र बऱ्याच अंशी टाळता किंवा लांबवता येतो. रोज तासभर घाम येईपर्यंत खेळा, वेळेवर झोपा, पानात भाजी-उसळ वाढवून घ्या. आणि एक गणित करा. थंड पेयाच्या बाटलीवर '१०० मिलीलिटरमध्ये १० ग्रॅम साखर' असं छापलं असेल, तर ३०० मिलीलिटरच्या बाटलीत किती? ३० ग्रॅम, म्हणजे सहा चमचे! चहात कुणी इतकी घालेल का?

तर नाशिकच्या मैत्रिणी, तुझी मैत्रीण द्राक्षंसुद्धा खाऊ शकते, फक्त मोजून आणि इन्शुलिनचा हिशोब धरून. उद्या मधल्या सुट्टीत तिच्या डब्यातला एक घास सगळ्यांसमोर खा. आणि ती साखरेची पुडी दप्तराच्या कुठल्या कप्प्यात असते, ते मात्र आजच विचारून ठेव.