सव्वा महिन्याची राखण

बाळंतिणीला सव्वा महिना जपण्याच्या आपल्या परंपरेत, या दिवसांत दोन्ही जीव नाजूक असतात, ही जाण होती. आज प्रसूती रुग्णालयात होते. पण मायलेकरे दोन-तीन दिवसांत घरी परततात आणि पुढची जोखीम उंबरठ्याआड राहते.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत स्थानिक स्त्रियांना बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करणे शिकविले. तुलनेच्या गावांशी ताडता तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. हे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. २०११ पासून देशभर ‘आशा’ अशा गृहभेटी देतात : रुग्णालयातील प्रसूतीनंतर ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी.

मात्र शासनदरबारी ती ‘स्वयंसेविका’च, तिच्या मोबदल्याचा मोठा भाग कामागणिक ठरतो. सेवाभाव हा आपला संस्कार खरा, पण सेवेच्या नावाखाली कष्टकरी स्त्रीला वेठीस धरणे हा संस्कार नव्हे. तिला नियमित, वेळेवर मानधन देणे हे शासनाचे कर्तव्य. आणि ती दारी आली असता तिची जात न पाहता बाळ तिच्या हाती देणे, हे आपले.