सूर्य मावळायच्या आत

राग कुणाला येत नाही? सबमिशनच्या आदल्या रात्री आपलं जर्नल घेऊन गेलेला मित्र फोन उचलत नाही तेव्हा येतो. व्हायवात शेजारच्याला दोन सोपे प्रश्न आणि आपल्याला अख्खं थर्मो विचारलं की येतो. मग कट्ट्यावर दोनच सल्ले मिळतात. एक, "सरळ कानाखाली दे." दुसरा, "जाऊ दे रे, गिळून टाक." पहिल्याने भांडण वाढतं, दुसऱ्याने पित्त!

आम्हा ख्रिस्ती घरांतल्या मुलांना दुसरा सल्ला जरा जास्तच मिळतो. दुसरा गाल पुढे करायची शिकवण तर सगळ्यांनाच माहीत असते, विशेषतः ज्यांना मारायचं असतं त्यांना. पण मित्रांनो, बायबल नीट वाचलं तर प्रकरण एवढं मिळमिळीत नाही. यरुशलेमच्या मंदिरात बाजार मांडलेला बघून येशूने दोऱ्यांचा कोरडा केला आणि सराफांचे चौरंग उलथून टाकले. म्हणजे राग येणं हेच पाप नव्हे. पौलाने इफिसकरांना लिहिलं तेही असंच, की रागाच्या भरात पाप करू नका आणि सूर्य मावळायच्या आत राग सोडा. मला ही डेडलाईन आवडते. सबमिशनसारखं एक्स्टेन्शन नाही.

येशूची आणखी एक शिकवण आहे. वेदीपाशी अर्पण घेऊन गेलास आणि कुणाचं तरी मन तुझ्याबद्दल कलुषित आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. गंमत बघा, रागावलाय दुसरा, पण जायचंय आपण! "त्याने आधी सॉरी म्हणावं" यावर होस्टेलमधल्या कितीतरी मैत्र्या अडकून पडल्यात.

कुणी म्हणेल, रुसव्याफुगव्यांना हे ठीक आहे, पण खरोखर भयंकर काही घडलं तर? २२ जानेवारी १९९९ च्या रात्री ओरिसातल्या (आताच्या ओडिशातल्या) मनोहरपूर गावात कुष्ठरुग्णांची सेवा करणारे ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमथी, गाडीत झोपलेले असताना जमावाने गाडी पेटवून दिली. तिघंही गेले. ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना माफ केल्याचं सांगितलं आणि त्या मुलीसह बारीपदालाच राहिल्या. २००४ पर्यंत तिथलं कुष्ठरुग्णांचं काम त्यांनी सांभाळलं. २००५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

यामागे 'कृपा' हा शब्द आहे. आपली लायकी नसताना देवाने आपल्याला माफ केलं, म्हणून आपणही करायचं, अशी ही श्रद्धा. पण माफी दिली म्हणून खटला थांबला नाही. माफी आणि कायद्याची शिक्षा या वेगळ्या गोष्टी, असंच ग्लॅडिसबाईंचंही म्हणणं होतं. मुख्य आरोपी दारा सिंगची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये कायम केली. सूड मनातून काढून टाकायचा, न्याय मात्र सोडायचा नाही, हे मला पटतं.

पटत नाही ते वेगळंच. ग्लॅडिसबाईंचं उदाहरण देऊन एखाद्या दुखावलेल्या माणसाला "बघ, त्यांना जमलं, तुला का जमत नाही?" असं विचारणारे भेटतात. चर्चमध्येही भेटतात. त्यांना माझं एवढंच म्हणणं आहे, की आधी त्याच्या शेजारी बसा, त्याचं ऐकून घ्या. माफ करायचं का आणि कधी, ते त्याचं तो बघेल.