दहाच्या ठोक्याला संपलेली मैफल

मोकळ्या मैदानावरील मैफलीस जावे की न जावे, आणि अशी मैफल रात्री किती वाजेपर्यंत चालावी, हे दोन प्रश्न प्रस्तुत लेखात विचारास घेण्याचे आम्ही योजिले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे : अवश्य जावे. दुसऱ्याविषयी मात्र आमचे मत एका रात्रीत फिरले. ते कसे फिरले हे सांगितल्यास विद्यार्थिवर्गास व त्यांच्या पालकांस काही उपयोग होईल, अशी आशा आहे.

मार्गशीर्षातील तो शनिवार होता. माटुंग्यातील एका मैदानावर संध्याकाळी सहा वाजता एका नामांकित गवयांचे गायन व्हावयाचे होते. आमचे एक तामिळ मित्र आमच्यासमवेत होते. त्यांचे घराणे तीन पिढ्या माटुंग्यात आहे. मराठी ते आमच्याइतकीच सफाईने बोलतात आणि संगीताचा परिचय त्यांस आमच्याहून अधिक आहे. पावणेसहास आम्ही पोहोचलो, तो सतरंज्या केव्हाच भरून गेल्या होत्या. पोरे कुंपणाच्या भिंतीवर चढून बसली होती, भोवतालच्या इमारतींच्या गॅलऱ्या माणसांनी फुलल्या होत्या, शेंगदाणेवाल्यास पाऊल टाकण्यास जागा नव्हती. एका आजीबाईंनी आपल्या शालीचा पदर आवरून घेतला व त्या चार बोटे जागेवर आम्हा दोघांस बसविले. नाटकगृहात तिकिटावर क्रमांक असतो. येथे जागा मिळते ती शेजाऱ्याच्या मनाच्या मोठेपणावर.

सहा वाजले, साडेसहा वाजले. गाणे सुरू होण्याचे चिन्ह दिसेना. व्यासपीठावर सत्कार चालले होते. एकाने प्रास्ताविक केले, दुसऱ्याने त्याचे कौतुक केले, तिसऱ्याने दोघांचे आभार मानले. प्रत्येकास हार व श्रीफळ मिळाले. तंबोरे जुळून सव्वासातास पहिला षड्ज लागला, तेव्हा सूर्य मावळून तासाहून अधिक वेळ झाला होता. दिवस-रात्रीच्या सांध्यावर गावयाचा मारवा राग ऐकण्याची आमची हौस त्या हारतुऱ्यांखाली गडप झाली. गवयांनी यमन आरंभिला, व तो इतका रंगला की आम्ही सर्व गाऱ्हाणी विसरलो.

नऊच्या सुमारास एक मौजेची गोष्ट घडली. एकाएकी ध्वनिक्षेपक बंद पडला. प्रथम मागून आरडाओरडा झाला, कोणी शिट्ट्या घातल्या. गवयांनी मात्र गाणे थांबविले नाही. पुढच्या रांगा स्तब्ध झाल्या, ती स्तब्धता हळूहळू मागे मागे पसरत गेली, आणि थोड्याच वेळात सारे मैदान श्वास रोखून कान देऊ लागले. आजीबाईंनी नातवाच्या हातातील शेंगदाण्याची पुडी काढून घेतली, कारण तिचा कागद कुरकुरत होता. गळ्यातून निघणारा सूर पातळ पण स्वच्छ असा आमच्यापर्यंत येत होता. जेमतेम दहा मिनिटांनी कर्णे पुन्हा गरजू लागले, तेव्हा टाळ्या पडल्या, पण आमचे मित्र हळूच म्हणाले, “ऐकणे काय असते ते एवढ्या वेळात कळले.”

पावणेदहास बागेश्रीला आरंभ झाला. राग उमलू लागतो न लागतो तोच एका स्वयंसेवकाने गवयांसमोर घड्याळ धरले. त्यांनी नमस्कार करून दोन मिनिटे भैरवी गायिली, आणि दहाच्या ठोक्याला मैफल संपली. आमचा संताप अनावर झाला. परतीच्या वाटेवर आम्ही मित्रांस म्हणालो, “ज्या कायद्यास बागेश्री कळत नाही, तो कसला कायदा?”

आमचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. हिंदुस्थानी संगीतात रागांस वेळा आहेत. आमच्याच मुंबईत वाळकेश्वरी जन्मलेले पंडित विष्णु नारायण भातखंडे (1860–1936) यांनी रागांची दहा थाटांत मांडणी केली, तशी त्यांच्या वेळांचीही चर्चा केली. मालकंस, दरबारी हे राग रात्र चढल्यावरचे. सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ पंडित भीमसेन जोशी यांनी 1953 साली पुण्यात सुरू केलेल्या महोत्सवात पूर्वी पहाटेपर्यंत गाणे चाले व श्रोते घोंगड्या पांघरून बसत. त्यालाही पुढे आपल्या वेळा आवराव्या लागल्या. ही हानी खरी आहे, आणि ती नाकारण्यात अर्थ नाही.

मित्रांनी आमचे सर्व बोलणे शांतपणे ऐकून घेतले व मग म्हणाले, “अहो, तुमचा बागेश्री कायद्याने खाल्ला, की हारतुऱ्यांनी? सहाला गाणे सुरू झाले असते तर सव्वा तास हाती होता. आमच्याकडे कचेरी संध्याकाळी सुरू होते, तीन तासांत वर्णमपासून मंगलमपर्यंत सारे यथासांग होते, आणि माणसे घरी जाऊन जेवतात. त्यामुळे आमचे संगीत दरिद्री झाले, असे तुम्हांस वाटते काय?” यावर आम्हांस उत्तर सुचेना. कर्नाटक संगीताच्या बैठकीस आजचे आटोपशीर रूप देण्याचे श्रेय अरियाकुडी रामानुज अय्यंगार (1890–1967) यांस देतात. माटुंग्याच्या शेजारधर्मात आम्ही इडली घेतली, कॉफी घेतली, मोगऱ्याचे गजरे घेतले. वेळेवर आरंभ करण्याची ही रीत तेवढी घ्यावयाची राहून गेली!

घरी आल्यावर आम्ही तो कायदा नीट वाचून काढला. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली झाले. त्यांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. बंदिस्त सभागृहास ही मनाई नाही. सण-उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार सरकारास आहे. राहत्या वस्तीत आवाजाची मर्यादा दिवसा 55 व रात्री 45 डेसिबल आहे. विज्ञानाच्या तासास शिकविलेले येथे आठवावे : दर 10 डेसिबलांस ध्वनीची तीव्रता दसपट होते. म्हणजे 45 च्या जागी 75 झाले, तर ती तीस अंशांनी नव्हे, हजारपटीने वाढली!

18 जुलै 2005 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या विषयावर सविस्तर निर्णय दिला. ते प्रकरण ज्या अर्जावरून उभे राहिले, त्याच्या मुळाशी एक भीषण घटना होती. एका लहान मुलीवर अत्याचार झाला; शेजारी कर्ण्यांवर मोठ्याने गाणी लागलेली असल्याने मदतीसाठी तिने फोडलेला टाहो कोणाच्याही कानी गेला नाही. हे वाचले आणि आमचा बागेश्रीचा शोक आम्हांसच क्षुल्लक वाटू लागला.

आपल्या वस्तीपुरतेही पाहा. 1896 साली मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या शहराला मोकळा वारा मिळावा म्हणून 1898 साली नगरसुधार मंडळ स्थापन झाले, आणि त्याच्याच योजनेतून दादर-माटुंग्याच्या रुंद वाटा व पाच बागा निर्माण झाल्या. माणसांच्या आरोग्यासाठी मोकळ्या सोडलेल्या जागेवरून त्याच माणसांची झोप उडवावी, हे उचित नव्हे.

कोणी म्हणेल, हा नियम अमुक एका समाजाच्या सणांवर घाला आहे. तसे नाही. गणेशोत्सवास तो लागू आहे, नवरात्रास आहे, आणि नाताळासही आहे. मुंबईतील कित्येक चर्चांनी आपल्या आवारात उघड्यावर होणारी नाताळची मध्यरात्रीची उपासना अलीकडे ओढून दहाच्या आत संपविण्याची प्रथा पाडली. येशूचा जन्मोत्सव दोन तास आधी साजरा केल्याने भक्तीत उणेपणा आला, असे आम्ही ऐकले नाही.

मग करावे काय? आमच्या मते तीन गोष्टी कराव्यात. पहिली, सत्कार व भाषणे गाण्याच्या वेळेतून काढून टाकावीत. ज्यास हार घालावयाचा त्यास सकाळी घरी जाऊन घालावा. दुसरी, व्यासपीठाशी दोन राक्षसी कर्णे लावण्याऐवजी मैदानभर लहान लहान कर्णे मंद आवाजात लावावेत. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाजाची तीव्रता चौथा हिस्सा उरते. म्हणून शेवटच्या रांगेस ऐकू जावे या हट्टाने पुढची रांग बहिरी करणे व गॅलरीतल्या आजाऱ्यास छळणे हे केवळ अज्ञान होय. तिसरी, रात्रीचे राग सभागृहात ऐकावेत आणि सकाळचे राग मैदानात. दिवाळीच्या पहाटेचे गायन आपल्याकडे रुळलेच आहे. सहानंतर मोकळ्या हवेत भैरव किंवा तोडी ऐकण्यास वर्षातून एकच सकाळ का असावी?

पालकांस आमची विनंती आहे की, गर्दीच्या भयाने मुलांस अशा मैफलीपासून दूर ठेवू नये. त्यांस स्वतः घेऊन जावे. दहाला संपणारी मैफल म्हणजे मुलांनीही ऐकता येण्याजोगी मैफल; पूर्वीच्या रात्रभराच्या बैठकींत शाळकरी मुलांस स्थान नव्हते, हे विसरू नये. अनोळखी माणसांत चार बोटे जागेवर बसणे व दुसऱ्यास ऐकू यावे म्हणून आपला कागदही न वाजविणे, हे शिक्षण कोणत्याही क्रमिक पुस्तकात मिळत नाही.

त्या रात्रीची एक गोष्ट सांगावयाची राहिली. आमचा वाद रंगात आला असता मैदानालगतच्या एका घराच्या तळमजल्यावरील खिडकीशी आम्ही आलो. आत दिवा जळत होता व एक मुलगा मोठ्याने धडा पाठ करीत होता. संध्याकाळी त्याच खिडकीवरून आम्ही गेलो होतो. तेव्हाही तो तेथेच पुस्तकापुढे बसला होता, परंतु कानांवर दोन्ही हात दाबून. आता दहा वाजून गेले होते, हात खाली आले होते, आणि त्याचा शब्द न् शब्द रस्त्यावर स्पष्ट ऐकू येत होता. आमचे मित्र क्षणभर थांबले. आम्हीही थांबलो, आणि त्यानंतर कायद्याविषयी आम्ही काही बोललो नाही.