तिसरे शून्य

रुलेटच्या चक्रात एक खण वाढला, तर तो खेळणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. चक्र तसेच फिरते, गोटी तशीच उसळत एका खणात स्थिरावते आणि नेमका आकडा साधणाऱ्याला पूर्वीइतकेच, एकास पस्तीस या दराने पैसे मिळतात. जिंकण्याची शक्यता मात्र घटलेली असते. लास वेगसमध्ये २०१६ पासून तीन शून्यांची चक्रे बसू लागली आहेत. त्यांचा हिशेब आपणही नीट समजून घेतला पाहिजे.

युरोपी चक्रात ० ते ३६ असे ३७ खण असतात. एका आकड्यावर रुपया लावला, तर तो लागण्याची शक्यता सदतिसात एक. सौदा बरोबरीचा असता, तर जिंकणाऱ्याला ३६ रुपये मिळाले असते, मिळतात ३५. शून्याच्या एका खणामुळे लावलेल्या दर शंभर रुपयांमागे सरासरी २.७० रुपये कॅसिनोकडे जातात. अमेरिकी चक्रात दोन शून्यांचा आणखी एक खण असतो. खण ३८ झाले, तरी देणे ३५च राहते आणि कॅसिनोचा वाटा ५.२६ वर जातो. तिसऱ्या शून्याने खण ३९ होतात आणि वाटा ७.६९. लाल-काळ्यावर खेळले म्हणून यातून सुटका नाही. शून्याचे खण ना लाल असतात ना काळे. उलट काही फ्रेंच टेबलांवर ‘ला पार्ताज’ हा नियम असतो. लाल-काळा किंवा सम-विषम अशा पैजांत गोटी शून्यावर बसली, तर लावलेले अर्धे पैसे परत मिळतात. तिथे या पैजांवरचा कॅसिनोचा वाटा १.३५वर येतो.

आता हेच आकडे रुपयांत पाहू. पाचशे रुपयांची पैज लाल रंगावर शंभर वेळा लावली, म्हणजे एकूण पन्नास हजारांची उलाढाल झाली. सरासरीने ला पार्ताजच्या टेबलावर ६७६ रुपये जातील, साध्या एका शून्याच्या टेबलावर १,३५१, दोन शून्यांच्या टेबलावर २,६३२ आणि तीन शून्यांच्या टेबलावर ३,८४६. एखाद्या रात्री कोणी जिंकेलही. पण खेळ जितका लांबेल, तितका तो या सरासरीकडे ओढला जातो. पैज दुप्पट करत नेण्याच्या युक्तीनेही वाटा बदलत नाही. चांगले चक्र निवडल्याने नुकसान कमी होते, नफा होत नाही.

एके काळी या धंद्यातली स्पर्धा खेळणाऱ्याच्या पथ्यावर पडली होती. १८४३ साली जर्मनीतल्या होम्बुर्गमध्ये ब्लांक बंधूंनी इतर कॅसिनोंची गिऱ्हाइके ओढण्यासाठी एकाच शून्याचे चक्र आणले आणि पुढे माँटे कार्लोने ते रूढ केले. आज लास वेगसमध्ये प्रवाह उलटा आहे. एका शून्याच्या टेबलावर किमान पैज सहसा मोठी असते. ज्याच्या खिशात थोडे, त्याच्या वाट्याला तीन शून्ये येतात. ज्याला हरणे सर्वांत कमी परवडते, त्याच्याकडून सर्वांत जास्त दराने वसुली होते. तिसऱ्या शून्याबद्दलचा माझा खरा आक्षेप हा आहे.

याचा आपल्याशी संबंध काय? महाराष्ट्राने १९७६ चा कॅसिनो कायदा कधी अमलात आणलाच नाही आणि २०२३ मध्ये तो रद्दही केला. पण पणजीजवळ मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनो जहाजांवर महाराष्ट्रातून माणसे जातातच. गोवा सरकारने १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना कॅसिनोत खेळायला बंदी केली. आपल्या माणसांना या खेळापासून जपले पाहिजे, हे सरकारने त्यातून मान्यच केले. मग बाहेरून येणाऱ्याला निदान खरा हिशेब तरी सांगायला नको का? कॅसिनोला परवाना सरकार देते, चिप घेण्यासाठी मोजलेल्या रकमेवर जीएसटीही सरकारच घेते. ब्रिटनमध्ये प्रत्येक खेळातला कॅसिनोचा वाटा सांगणारी माहिती खेळणाऱ्यांपुढे ठेवणे ही परवान्याची अट आहे. आपल्याकडे बिस्किटाच्या पुड्यावरही वजन आणि किंमत छापावी लागते. रुलेटच्या टेबलाला त्यातून सूट असण्याचे काही कारण नाही.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक रुलेट टेबलावर, पहिली चिप ठेवण्यापूर्वी दिसेल अशा जागी, मराठी, कोकणी, हिंदी आणि इंग्रजीत ठळक लिहावे: या चक्राला शून्ये किती, आणि लावलेल्या शंभर रुपयांतले सरासरी किती कॅसिनोकडे राहतात. ज्या चक्रात तिसरे शून्य असेल, त्याला परवानगीच देऊ नये. खेळायचे की नाही, हे सज्ञान माणसाने स्वतः ठरवावे. पण ठरवण्याआधी त्याला किंमत कळलीच पाहिजे आणि ती सांगण्याची जबाबदारी या धंद्यातून महसूल घेणाऱ्या सरकारची आहे.