पाणी तपासले, गाळाचे काय?

उरल पर्वताच्या पूर्वेस तेचा नावाची लहानशी नदी वाहते. १९४९ ते १९५६ या काळात मायाक येथील प्लुटोनियमच्या कारखान्यातून किरणोत्सारी सांडपाणी तिच्यात सोडण्यात आले. १९५१ साली मोजमाप झाले तेव्हा नदीचा तळ व पुराखाली जाणारी काठची जमीन दूषित झाल्याचे आढळले. पुढे हजारो रहिवाशांना गावे सोडावी लागली. त्याचे खरे कारण मात्र कित्येक वर्षे गुप्त राहिले.

पाण्याबरोबर सर्व वाहून जाते, ही समजूत येथे खोटी ठरली. सीझियम-१३७ हे द्रव्य चिकणमातीच्या कणांना घट्ट धरून बसते. पाणी पुढे जाते, गाळ मागे राहतो. या द्रव्याचे अर्धायुष्य सुमारे ३० वर्षांचे असल्यामुळे त्याचा अंश काही पिढ्या टिकतो. तेव्हा केवळ पाणी तपासून नदी निर्धोक ठरविणे ही अपुरी परीक्षा होय.

तथापि गाळातील सर्वच किरणोत्सर्ग मानवनिर्मित नसतो. युरेनियम, थोरियम व पोटॅशियम-४० ही पृथ्वीच्या आरंभापासून खडकांत आहेत. खडक झिजले की ती नदीत उतरतात. हा भेद मोजमापानेच कळतो. तळात नळी रोवून गाळाचा उभा नमुना काढतात. त्याचे थर वेगळे करून वाळवितात, हवाबंद डब्यात सुमारे महिनाभर ठेवितात आणि मग त्यातून निघणारे गॅमा किरण मोजतात. प्रत्येक द्रव्याच्या किरणांची ऊर्जा ठरलेली असते : सीझियम-१३७ ची ६६२, पोटॅशियम-४० ची १४६१ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट. स्ट्राँशियम-९० चे किरण मात्र या रीतीने सापडत नाहीत. त्यासाठी रासायनिक पृथक्करणच करावे लागते.

परंतु सीझियम सापडले एवढ्यावरून शेजारच्या कारखान्यास दोषी धरता येत नाही. गेल्या शतकातील अणुचाचण्यांमुळे त्याचा अल्प अंश जगभरच्या मातीत पसरलेला आहे. पूर्वीचा आकडा हाती नसेल, तर आरोप सिद्ध होत नाही आणि निर्दोषत्वही सिद्ध होत नाही. म्हणून अणुकेंद्र सुरू होण्यापूर्वीच नदीचा गाळ मोजला पाहिजे, नंतरही तो ठरावीक मुदतीने मोजत राहिले पाहिजे.

अशा आकड्यांनी लोक घाबरतील, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. पण त्यावर उपाय आकडे दडविणे हा नव्हे, ते समजावून सांगणे हा आहे. ज्यांची गुरे त्या पाण्यावर जातात व ज्यांची शेते त्या गाळावर पिकतात, त्यांना ते आकडे त्यांच्याच भाषेत कळले पाहिजेत.