गुळवेल : गुणी खरी, पण बेताने

घोडेगावच्या शिवारात बांधावरच्या कडुनिंबावर गुळवेल चढलेली दिसते. पान हृदयाच्या आकाराचे, गुळगुळीत. खोडाची करडी साल कागदासारखी सुटते, आत हिरवे लागते. खोड आडवे कापले तर चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी दिसते.

आयुर्वेदात हिला गुडूची किंवा अमृता म्हणतात. भूक लागेना, ताप येऊन गेल्यावर अंगात त्राण उरले नाही, की घरची जुनी माणसे हिचा कडू काढा देतात. पैसा लागत नाही, म्हणून मजुरी करणाऱ्या घराला तो सोयीचा वाटतो. पण ‘झाडपाल्याने अपाय होत नाही’ हा समज चुकीचा आहे.

2020 साली करोनाच्या धास्तीने पुष्कळांनी गुळवेल रोज घेतली. त्या वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईच्या डॉक्टरांना यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आढळले. सर्वांनी गुळवेल घेतली होती. त्यांपैकी एक दगावला. ही माहिती 2021 साली प्रसिद्ध झाली, तेव्हा आयुष मंत्रालयाने हरकत घेतली. वेलीची ओळख नीट पटवलेली नाही, ती तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असू शकेल, असे त्यांचे म्हणणे. मात्र करोनाकाळात सरकारनेच दिलेल्या सूचनेतही गुळवेलीची मुदत पंधरा दिवस किंवा एक महिना एवढीच होती. म्हणजे ओळख पक्की हवी आणि मुदत ठरलेली हवी.

भगिनींनो, एवढे सांभाळा :

● ओळख पटल्याशिवाय कोणतीही वेल उकळू नका. मात्रा वैद्यांना विचारूनच ठरवा.

● गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायांना आणि लहान मुलांना मनाने देऊ नका.

● मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर साखर जास्त उतरू शकते. संधिवात, थायरॉईड किंवा यकृताचा आजार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

● ताप दोन दिवसांत उतरला नाही तर रक्त तपासा. काढ्यावर दिवस काढू नका.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, भूक मेली म्हणून आपण गुळवेल घेतो. पण यकृत बिघडले तरी भूकच मरते. अशा वेळी काढा वाढवला तर दुखणे वाढू शकते. मळमळ, अंगाला खाज, गडद पिवळी लघवी, पिवळे डोळे यांपैकी काही दिसले, तर काढा त्याच दिवशी बंद करा. सरकारी दवाखाना गाठा आणि काय घेतले, किती दिवस घेतले, ते डॉक्टरांना न लपवता सांगा. एक दिवसाची मजुरी बुडेल, पण माणूस वाचेल.